फिकट गुलाबी, तीस सेकंद

केमिस्ट्री स्पेशल का घेतलंस, असं टीवायच्या वर्गात विचारून पाहा. बहुतेक मुलं केमिस्ट्रीबद्दल काही बोलतच नाहीत. ती गणिताबद्दल बोलतात, फिजिक्सबद्दल बोलतात, मेडिकलची यादी किती गुणांवर बंद झाली ते सांगतात. एमआयडीसीत लागलेला मामेभाऊ म्हणाला, केमिस्ट्री घे, हेही एक कारण असतं. मुळातच या विषयाच्या प्रेमात असलेला विद्यार्थी नसतोच असं नाही, पण तो पहिल्या बाकावर बसतो आणि त्याच्याशी कुणी फारसं बोलत नाही. बाकीच्यांचं प्रेम, जडलंच तर, नंतर जडतं. माझी अशी पक्की समजूत आहे की ते पुस्तकामुळे जडत नाही. पुरी, शर्मा आणि पठानिया या तिघांनी मिळून लिहिलेला तो जाडजूड ग्रंथ उशाला घेऊन झोपलेले अनेक पाहिले. तो वाचून कुणी मोहरून गेल्याचं पाहिलं नाही. जडतं ते प्रयोगशाळेत, नाकातोंडात काहीतरी गेल्यावर.

पहिली ओळख नाकाचीच. आम्ही शिकत होतो तेव्हा लॅबच्या मागच्या व्हरांड्यात किपचं उपकरण मांडलेलं असे. एकावर एक तीन काचेचे गोळे, मधल्यात फेरस सल्फाइडचे खडे, आणि वर-खाली फिरणारं आम्ल. तोटी उघडली की आम्ल खड्यांना भिडतं आणि हायड्रोजन सल्फाइड बाहेर पडतो. तोटी बंद केली की साठलेला वायू स्वतःच्याच दाबाने आम्लाला खड्यांपासून दूर ढकलतो आणि क्रिया थांबते. डेल्फ्ट गावातल्या पेट्रस किप नावाच्या औषधविक्याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला काढलेली ही युक्ती. गरजेपुरतंच द्यायचं, मग गप्प बसायचं, हे जमलेलं त्या इमारतीत ते एकमेव उपकरण होतं. प्राध्यापकांबद्दल मी काही म्हणत नाही.

हा वायू म्हणजे सडक्या अंड्याचा वास. तो केसांत बसतो, डब्याच्या पिशवीत बसतो, शर्टात तर मुक्कामालाच राहतो. दुपारच्या प्रॅक्टिकलनंतर लोकलमध्ये आम्हाला बसायला जागा मिळत असे, आणि शेजारचीही रिकामी राहत असे. या वायूचा एक गुण मात्र थट्टेवारी नेण्यासारखा नाही. त्याचं प्रमाण फार वाढलं तर नाक बधिर होतं. वास थांबला म्हणजे वायू गेला असं नव्हे, नाक गेलं असं समजायचं आणि बाहेर पडायचं. हे आमच्या सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, आणि त्यांनी सांगितलेल्यापैकी एवढंच मला शब्दशः आठवतं.

हा सगळा उपद्व्याप कशासाठी, तर सॉल्ट ओळखण्यासाठी. कागदाच्या पुडीत चिमूटभर भुकटी मिळते आणि त्यात कोणते धातू दडलेत ते सांगायचं असतं. त्यांना गटागटाने खाली बसवत जायचं. आधी विरल हायड्रोक्लोरिक आम्ल, की चांदी, शिसं आणि पारा पांढरे होऊन बसतात. मग त्याच आम्लात तो दुर्गंधी वायू सोडायचा: तांबं काळं, कॅडमियम पिवळं, अँटिमनी केशरी. मग अमोनिया, की थर्ड-ए मधलं लोखंड गंजाच्या रंगाने उतरतं. मग अमोनियाच्या सोबतीला पुन्हा तोच वायू, की थर्ड-बी मधले कोबाल्ट आणि निकेल काळे होऊन येतात. क्रम मोडायचा नाही. मोडला तर सगळे एकदम खाली येतात आणि परीक्षानळीत नुसता चिखल होतो. शिसं मात्र या शिस्तीला पुरतं जुमानत नाही. त्याचं क्लोराइड पाण्यात थोडं विरघळतं, त्यामुळे ते पहिल्या गटात हजेरी लावून दुसऱ्या गटाच्या पंक्तीलाही बसतं. असे लोक प्रत्येक खात्यात असतात.

आता, एवढं सगळं करण्याआधी विद्यार्थी भुकटीचा रंग बघतो. निळी म्हणजे तांबं, हिरवी म्हणजे निकेल, गुलाबी म्हणजे कोबाल्ट. परीक्षकांनाही हे ठाऊक असतं, म्हणून परीक्षेतलं मिश्रण नेहमी पांढरंशुभ्र निघतं. अशा वेळी उरतात ते मामा. लॅबमधल्या परिचराला आपल्याकडे कितीतरी कॉलेजांत मामाच म्हणतात, मग ते वयाने कितीही असोत. मामांनी बारावीच्या पुढे काय शिकलंय याची चौकशी कुणी करत नाही, कारण पुड्या त्यांनीच भरलेल्या असतात.

"मामा, सेकंड ग्रुप आहे का हो?"

"मला काय विचारता बाळांनो, मी साधा माणूस." मग बाटलीवरची धूळ पुसत, खिडकीकडे बघत, स्वतःशीच बोलल्यासारखं, "किप आज भरलाच नाही बघा. कुणाला लागायचा नाही म्हणे."

एका वाक्यात दुसरा गट आणि थर्ड-बी, दोन्ही बाद. याला मी कॉपी म्हणणार नाही. समोर दिसणाऱ्या पुराव्यावरून न दिसणाऱ्याबद्दल अनुमान काढणं यालाच तर गुणात्मक विश्लेषण म्हणतात.

पण केमिस्ट्रीचा खरा संस्कार होतो तो टायट्रेशनमध्ये. ब्युरेटमध्ये अल्कली, खाली फ्लास्कमध्ये आम्ल आणि त्यात दोन थेंब फिनॉल्फ्थॅलीन. डाव्या हाताने तोटी, उजव्या हाताने फ्लास्क हलवत राहायचा. सुरुवातीला थेंब पडतो तिथे गुलाबी ठिपका उमटतो आणि लगेच विरतो. मग तो रेंगाळू लागतो. मग एक थेंब असा येतो की सगळं पाणी फिकट गुलाबी होतं आणि तीस सेकंद तसंच राहतं. तिथे थांबायचं. गडद गुलाबी दिसायला सुंदर असतं, पण ते चूक असतं. वर्गातल्या सर्वांत सुंदर रंगाचा फ्लास्क ज्याच्या हातात असतो त्याला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते, असा हा कदाचित एकमेव विषय असेल. तीस सेकंदांनंतर तो रंग गेला तरी घाबरायचं नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड पाण्यात उतरून तो पुसून टाकतो, त्यात तुमचा दोष नसतो. निष्णात माणूस तर शेवटी अर्धाच थेंब सोडतो. ब्युरेटच्या टोकाला लोंबकळणारा थेंब पुरता व्हायच्या आत फ्लास्कच्या आतल्या भिंतीला टिपून घ्यायचा आणि पाण्याच्या पिचकारीने खाली धुऊन न्यायचा. नव्याण्णव टक्के काम पाच मिनिटांत होतं आणि उरलेल्या एका टक्क्याला श्वास रोखून धरावा लागतो.

या फिनॉल्फ्थॅलीनचा जन्म १८७१ मधला, जर्मन रसायनशास्त्रज्ञ आडोल्फ फॉन बायर यांच्या हातून. पुढे त्याचा एक वेगळाच गुण लक्षात आला आणि विसाव्या शतकात कित्येक दशकं लोक ते पोट साफ व्हावं म्हणून गोळ्यांतून घेत होते. आमच्या वेळी पिपेट तोंडानेच ओढायची पद्धत होती. त्या काळात ही माहिती विद्यार्थ्यांपासून दडवून का ठेवली, हे नंतर कळलं.

टायट्रेशनच्या तक्त्यात एक रकाना असतो: सीबीआर. कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग. आधी एक पायलट रीडिंग घ्यायचं, अंदाजाचं. मग तीन नेमकी. त्यांपैकी जी जुळतील ती सीबीआर. तत्त्व उत्तम आहे. व्यवहार असा की साऱ्या महाराष्ट्रातल्या जर्नलांत ही तिन्ही रीडिंगं वर्षानुवर्षं तंतोतंत जुळत आलेली आहेत. ९.८, ९.८, ९.८. ब्युरेटवरच्या दोन रेघांमधलं अंतर ०.१ मिलिलिटरचं, तोटी गळकी, फ्लास्क धरणारा हात सकाळपासून उपाशी, आणि तरी ९.८, ९.८, ९.८. निसर्गात एवढं स्थिर दुसरं काही नाही. तिसरं रीडिंग अनेकदा घेतलंच जात नाही, ते लिहिलं जातं, हे सरांनाही माहीत असतं, कारण तेही याच वाटेने आलेले असतात. ९.८, ९.७, ९.९ असं लिहिणाऱ्या मुलीच्या जर्नलवर लाल शेरा बसतो. वास्तविक पेढे तिला द्यायला हवेत.

असं मी म्हणतो त्याला लॉर्ड रॅले जबाबदार आहेत. १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला हे गृहस्थ नायट्रोजनची घनता मोजत बसले होते. हवेतून ऑक्सिजन वगैरे काढून टाकून उरवलेला नायट्रोजन एकीकडे, आणि अमोनियासारख्या संयुगांपासून तयार केलेला दुसरीकडे. एकाच भांड्यात भरून तोलले तर दोन्हींचं वजन सारखं भरायला हवं. भरेना. सुमारे २.३ ग्रॅमच्या वजनात जेमतेम ११ मिलिग्रॅमचा फरक, हवेतला वायू जड. आपल्याकडच्या कुठल्याही हुशार विद्यार्थ्याने ते ११ मिलिग्रॅम पेन्सिलीने खोडून रबराची पूड फुंकून टाकली असती. रॅले यांनी उलट तो फरक वाढतो कसा ते पाहिलं, नियतकालिकात जाहीरपणे विचारलं की कुणाला याचं कारण सुचतं का, आणि मग विल्यम रॅम्झी त्यांच्या जोडीला आले. १८९४ मध्ये निघालं ते असं की हवेत आणखी एक वायू आहे, कुणाशीच संयोग न पावणारा, जवळजवळ एक टक्का. तो आर्गॉन. आपण सगळेच तो दिवसभर नाकावाटे आत घेत होतो आणि बाहेर सोडत होतो, आणि कुणाला पत्ता नव्हता. १९०४ मध्ये दोघांनाही नोबेल मिळालं, एकाला फिजिक्सचं, दुसऱ्याला केमिस्ट्रीचं. सीबीआर जुळवला असता तर दोन्ही हुकली असती.

फिजिकल केमिस्ट्रीच्या प्रयोगांची तऱ्हा निराळी. तिथे रंग नाही, वास नाही, फक्त वाट बघणं. मिथाइल ॲसिटेटचं पाण्याने विघटन किती वेगाने होतं ते मोजायचं असतं. दर दहा मिनिटांनी थोडं द्रावण काढून टायट्रेट करायचं. मधली दहा मिनिटं रिकामी. जोडीदार रोल नंबरप्रमाणे मिळतो, रोल नंबर आडनावाप्रमाणे. जोशी आणि जोगळेकर, पाटील आणि पवार अशी कितीतरी मंडळी या रिकाम्या दहा मिनिटांत एकमेकांना ओळखू लागली आणि पुढे संसाराला लागली. याच प्रयोगात एक इन्फिनिटी रीडिंग घ्यावं लागतं, म्हणजे अनंत काळानंतर, क्रिया पूर्ण झाल्यावर, किती आम्ल तयार झालेलं असेल ते. अनंत काळ थांबायला वेळापत्रकात जागा नसते, म्हणून फ्लास्क कोमट पाण्यात अर्धा तास ठेवतात. अर्ध्या तासात अनंत गाठणारी विद्या दुसऱ्या कुठल्या विभागात शिकवत असतील तर मला माहीत नाही. तत्त्वज्ञानवाल्यांचं वेळापत्रक मी पाहिलेलं नाही.

ऑरगॅनिक म्हणजे एसटीचा प्रवास. पेपरात 'कन्व्हर्जन' येतात: या पदार्थापासून तो पदार्थ मिळवा. थेट गाडी कधीच नसते. मध्ये दोन-तीन ठिकाणी उतरून बदलावी लागते, आणि कुठे उतरायचं हे पाठ असलेलाच पोचतो. ग्रिन्यार हे मोठं जंक्शन, तिथून जवळजवळ कुठेही जाता येतं. अट एवढीच की पाण्याचा थेंब चालत नाही. केकुले या जर्मन प्राध्यापकाला डुलकी लागली असता स्वतःचीच शेपटी तोंडात धरलेला साप दिसला आणि त्यावरून बेंझिनच्या रेणूचं कडं सुचलं, ही गोष्ट प्रत्येक वर्गात सांगितली जाते. ती त्यानेच सांगितली, पण १८९० मध्ये, बेंझिनवरच्या मूळ निबंधाला पंचवीस वर्षं झाली म्हणून भरलेल्या सत्कारात. सत्काराच्या भाषणात माणसं काय काय सांगतात हे आपल्याला ठाऊक आहे. दुपारी अडीचच्या ऑरगॅनिकच्या तासाला महाराष्ट्रात आजवर लाखो मुलं डुलक्या घेत आली, कुणाला गांडूळही दिसलेलं नाही.

तरी ऑरगॅनिकच्या लॅबमध्ये एक क्षण येतो तो मला सगळ्यांत आवडतो. बनवलेला पदार्थ शुद्ध करायला गरम पाण्यात किंवा स्पिरिटमध्ये विरघळवायचा, गाळायचा आणि थंड होऊ द्यायचा. स्फटिक यायला हवेत. येत नाहीत. द्रावण नुसतं आपल्याकडे बघत बसतं. मग काचकांडी घेऊन बीकरच्या आतल्या भिंतीवर खरवडायचं. काचेवर ज्या बारीक रेघा उठतात त्यांच्या आधाराने एखादा स्फटिक धरतो, आणि त्याला बघून बाकीचे धावत येतात. बघता बघता सगळं बीकर सुयांनी भरून जातं. शिकवताना कुणाही मास्तरला हेच हवं असतं, फक्त काचकांडी कुठे खरवडायची ते समजत नाही. आणि खरवडूनही आलेच नाहीत तर मामा बीकरवर वॉचग्लास ठेवून म्हणतात, "राहू दे. उद्या बघ." उद्या आलेले असतात.

लॅबमधून घरी आलेल्या विद्यार्थ्याची खरी परीक्षा नातेवाईक घेतात. तू केमिस्ट्री करतोस ना, मग या साडीवरचा डाग कशाने जाईल ते सांग. तीन वर्षं क्वांटम नंबर घोकलेल्या माणसाला हा प्रश्न पडला की विद्यापीठाची अब्रू पणाला लागते. हळदीच्या डागापुरतं सांगून ठेवतो. साबण लावला की तो लाल होतो, कारण हळद अल्कलीत रंग बदलते. आपलं कुंकू याच गुणावर बनतं. घाबरून आणखी घासू नका. लिंबू लावलंत तर पुन्हा पिवळा होईल, पण जाणार नाही. धुऊन कडक उन्हात टाका, उन्हात हळदीचा रंग टिकत नाही. आणि डाग काढणं हे हलकं काम आहे असं कुणी समजू नये. १८९६ मध्ये मुंबईत राणी व्हिक्टोरियाच्या संगमरवरी पुतळ्याला कुणीतरी डांबर फासलं (ते चाफेकर बंधूंचं काम होतं हे पुढे कळलं), तेव्हा तो पुतळा पूर्ववत करून दाखवला तो त्रिभुवनदास गज्जर या रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांनी, आणि त्याने त्यांचं नाव गाजलं. इतिहासात आपण चाफेकरांच्या बाजूचे. पण केमिस्ट्रीचा माणूस मनातल्या मनात गज्जरांनाही हात जोडतो.

जे डाग खुद्द विद्यार्थ्याच्या बोटांवर पडतात ते मात्र कुणाच्याने जात नाहीत. सिल्व्हर नायट्रेट कातडीवर सांडलं की आधी काही दिसत नाही. उजेडात गेल्यावर काळे ठिपके उमटतात आणि कातडी बदलेपर्यंत राहतात. मतदानाच्या वेळी बोटाला लावतात त्या शाईत हाच पदार्थ असतो. त्यामुळे मतदार यादीत नाव यायच्या आधीच एफवायच्या मुलामुलींच्या दहाही बोटांनी मतदान उरकलेलं असतं.

यातून पुढे काय होतं, तर सगळं होतं. तारापूर, महाड, लोटे, कुरकुंभ इथल्या कारखान्यांत क्यूसीत लागतात, रात्रपाळ्या करतात. काही औषधांच्या बॅगा घेऊन डॉक्टरांच्या दारात बसतात, काही एमपीएससी देतात, काही बी.एड. करून शाळेत पुन्हा तोच लिटमस दाखवतात. मार्गारेट थॅचर बाईंनी ऑक्सफर्डला केमिस्ट्री केली होती, डोरोथी हॉजकिन यांच्या हाताखाली. पुढे त्यांनी काय केलं ते सर्वश्रुत आहे. आपल्याकडे मला आठवतात त्या कमला सोहोनी, माहेरच्या भागवत, लेखिका दुर्गाबाईंची धाकटी बहीण. १९३३ साली मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी.त अव्वल येऊन त्या बंगलोरच्या विज्ञान संस्थेत गेल्या, तर संचालक सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून प्रवेश नाकारला. त्या हटल्या नाहीत. अखेर एक वर्ष काम पाहू, मग ठरवू, अशा अटीवर घेतलं. वर्षाने रामन यांचं मत बदललं आणि इतर मुलींनाही दार उघडलं. १९३९ मध्ये कमलाबाईंना केंब्रिजची डॉक्टरेट मिळाली; वनस्पतींच्या पेशींतही सायटोक्रोम सी असतं हे त्यांनी दाखवलं होतं. पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी नीरेच्या पोषणमूल्यांवर काम केलं. फिकट गुलाबी रंगावर थांबायला शिकलेली माणसं चिवट असतात, असं मला वाटतं ते अशांमुळे.

आता बऱ्याच कॉलेजांतून किप हद्दपार झाला, प्रयोग छोट्या नळ्यांत होऊ लागले, पिपेटला रबरी फुगा आला. हे सगळं चांगलंच झालं. संगणकाच्या पडद्यावरही टायट्रेशन करता येतं. तिथली तोटी गळत नाही आणि सीबीआर न मागता जुळतो. पाठ करण्यापुरतं ते ठीक आहे. पण पडद्यावर जादा थेंब पडला तर 'पुन्हा सुरू करा' असं बटण असतं, आणि ते दाबायला काही पडत नाही. खऱ्या फ्लास्कमध्ये ते गडद गुलाबी पाणी मोरीत ओतताना पोटात जे होतं, ते अभ्यासक्रमातून काढू नये.

तुमच्या घरातलं कुणी यंदा बी.एस्सी.ला जात असेल तर "यातून पुढे काय?" हे निदान दिवाळीपर्यंत विचारू नका. वास आला तरी नाक धरू नका. जर्नलात तीन रीडिंगं वेगवेगळी दिसली तर शाबासकी द्या. आणि ॲप्रन सुतीच घ्या. टेरिकॉटचा स्वस्त पडतो, इस्त्रीही मोडत नाही, पण बर्नर लागला की वितळून अंगाला चिकटतो.